एका ताटातले वकील

काळुराम गुरुजींचा निरोप पेणला पोचला त्या दुपारी कामार्लीकरांच्या दोन्ही घरांत एकाच वेळी वालाचं बिरडं करपलं. दोन्ही घरांत बिरडंच शिजत होतं हा योगायोग नव्हता. शनिवारी दोन्ही घरांचा बेत एकच असे. संध्याकाळी भांडी इकडची तिकडे झाली तरी कुणाला कळू नये म्हणून थोरल्या जाऊबाई गिरजाबाईंनी ही सोय फार वर्षांपूर्वी लावून दिली होती.

पुढच्या दारानं पाहिलं तर ही दोन घरं एकमेकांना पाठ करून उभी होती. थोरल्या बाबावकिलांचं घर बाजाराच्या अंगाला, धाकट्या पोपटवकिलांचं नदीच्या अंगाला. हे सख्खे भाऊ खोती गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोर्टात बोलावंच लागे. तिथे ते न्यायाधीशांकडे बघून एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणत, आणि 'मित्र' शब्दावर असा काही जोर देत की पक्षकारांच्या अंगावर काटा यावा. बाबा सरकार पक्षाचे, पोपट विरोधी पक्षाचे. आधी लोकल बोर्ड, मग जिल्हा परिषद, दर निवडणुकीला दोघे एकमेकांसमोर उभे राहत. बाबा निवडून येत. पोपट पडत, आणि पडल्यावर असं भाषण करत की आपण चुकलो असं मतदारांना वाटावं. पुढच्या खेपेला मतदार पुन्हा चुकत.

मागच्या दारांची गोष्ट वेगळी होती. दोन्ही घरांच्या मधोमध हसनभाईंची पोह्यांची गिरणी होती आणि दोन्ही मागची दारं तिच्या गोदामात उघडत. दर शनिवारी दिवेलागणीला हसनभाई गिरणी चालू करत, आणि त्या धडधडाटात कामार्लीकर कुटुंब पोत्यांवर बसून एकत्र जेवे. आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नसे, कारण ते आतही फारसं ऐकू येत नसे. कामार्लीकरांचा आवाज जन्मजात मोठा, असं लोक म्हणत. तो जन्मजात नव्हता. गुपितं ओरडून बोलायची सवय पिढीजात होती, एवढंच.

ही व्यवस्था थोरल्या तात्या खोतांची. खोती जाणार हे नक्की झाल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं. "बाबा, तू सरकारात जा. पोपट, तू कुळांत जा. आणि उद्यापासून भांडा." बस्स. पुढच्या काही वर्षांत कामार्लीकरांच्या ज्या जमिनी कुळांकडे गेल्या, त्या एका भावाच्या हातून दुसऱ्या भावाच्या हातात कागद जाऊन गेल्या. ज्या राहायच्या त्या राहिल्या. त्या का राहिल्या हे विचारायला कुळं पोपटवकिलांकडे जात, आणि पोपटवकील डोळ्यांत पाणी आणून थोरल्या भावाला शिव्या घालत.

बाबावकिलांची मालू मुंबईला लॉ कॉलेजात गेली तेव्हा तिथल्या सरांनी ट्यूडर राजांच्या काळातली इंग्लंडातली जमीनदार वकिलांची घराणी शिकवली होती. राजा बदलला की धर्म बदले, राणी बदलली की पुन्हा जुना धर्म येई, आणि दर बदलाला कुणाची ना कुणाची मुंडकी उडत. मग ही घराणी करायची काय? तर एक भाऊ दरबारात, एक भाऊ जुन्या देवळात. कुणीही गादीवर येवो, तुरुंगातल्या भावाला सोडवायला दरबारातला भाऊ शिल्लक. आणि एका भावाची जप्त झालेली जमीन पुन्हा वाटली जाई ती बहुधा दुसऱ्या भावाच्याच नावावर. वर्गातल्या मुली माना हलवत होत्या. मालूला मात्र आपल्या घराची उखाळीपाखाळी भरवर्गात निघाल्यासारखं वाटलं आणि ती खाली बघत बसली. "आहे काही शंका?" सरांनी विचारलं. "नाही सर," मालू म्हणाली, "त्यांच्याकडे गिरणी कुठे होती, एवढंच." सरांना ते कळलं नाही.

आता ती पेणच्या कोर्टात वकिली करत होती आणि रोह्याच्या काळुराम गुरुजींच्या मुलाशी लग्न करायला निघाली होती. मुलगा मोरेश्वर, घरात मोरू, धाटावच्या एका कंपनीत केमिस्ट. कोलाडला दोन सायकली एकमेकींवर आदळल्या त्या खटल्यात तो साक्षीदार म्हणून आला होता. मालूनं त्याची उलटतपासणी घेतली. त्यानं प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं आणि मालूचा पक्षकार हरला. कामार्लीकरांच्या तीन पिढ्यांत असा माणूस कुणी जवळून पाहिला नव्हता. मालूनं त्याला कोर्टाबाहेर चहा पाजला.

निरोप घेऊन मोरू स्वतःच आला होता. पहिली शिफ्ट संपवून, तसाच एसटीनं. बाबावकिलांच्या ओटीवर उभं राहून त्यानं तो जसाच्या तसा सांगितला.

"अप्पा म्हणाले, मुलगी पसंत आहे. पण सख्खे भाऊ जिथे एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्या घराशी सोयरीक मी करणार नाही. उद्या रविवारी दोघांनी रोह्याला यावं. एका ताटात जेवावं. जेवले तर साखर तिथेच वाटतो. नाही जेवले तर... नाही."

"आणि तुझं काय मत?" मालूनं विचारलं.

"मी तुझ्याशीच करणार. पण अप्पा आशीर्वाद देणार नाहीत आणि आई रोज रडेल. खरं सांगायचं तर ते मला जमणार नाही."

खरं बोलणाऱ्या माणसाशी लग्न करायचं तर हे ऐकावं लागणार, हे मालूला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी गिरणी सुरू झाली आणि सगळे पोत्यांवर बसले. करपलेलं बिरडं मधे होतं.

"दुसरा मुलगा बघू," बाबावकील ओरडले. हे रागानं नव्हतं, गिरणीमुळे होतं.

"दुसरा नको!" मालू ओरडली. हे मात्र रागानं होतं.

"अगो, पण तुझ्या सासऱ्याला दुसरा धंदा नाय काय?" हौसाकाकीनं विचारलं. हौसा पोपटवकिलांची बायको. ती बोलली की तिच्या बाजूला बसलेल्यांना गिरणी बंद झाल्यासारखं वाटे. "शाळा सुटली, पेन्शन आली, घरात बसावं गप. तर हा बाबा गावोगाव भाऊ जोडत फिरतोय!"

"त्याची रीत हाय ना ठरलेली," गिरजाबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरी दोन चुलत्यांना बसवलेलं त्यानं. आधी पोटातलं ओठावर आणायचं, काय राग हाय तो सगळ्यांसमोर बोलायचा. मग एकानं दुसऱ्याकडं एक वस्तू मागायची, दुसऱ्यानं ती दिलीच पायजे. दोघांनी मागायची. आणि मग ताट."

"न दिल्यास?" पोपटवकिलांनी विचारलं.

"ताट आत."

बाबावकिलांनी हात वर केला. कोर्टात ते असा हात वर करत तेव्हा कारकूनसुद्धा लिहायचं थांबे. "होळीनंतर निवडणूक आहे. आम्ही एक झालो असं कळलं तर कुळं म्हणतील पोपट विकला गेला, आणि आमचा पक्ष म्हणेल मी घरात बसून सगळं फोडतो. दोन्ही दुकानं एकाच मालकाची आहेत हे गिऱ्हाइकाला कळलं की एकही चालत नाही."

"मग भाऊ म्हणून एक व्हा, पक्ष म्हणून राहू दे भांडण," मालू म्हणाली. "घर एक, झेंडे दोन. लोकांना आवडेल ते. तत्त्वाचं वाटेल."

पोपटवकील हसायला लागले. "दादा, पोरगी आपल्या दोघांच्या पुढे गेली रे."

"फी घेत नाही अजून नीट," बाबा म्हणाले, पण त्यांनी मान डोलावली.

मग तालीम झाली. बांधावरच्या फणसावरून दोन्ही भावांचा दावा कोर्टात चालू होता. तो फणस मुळात तात्यांनी दाव्यासाठीच लावलेला होता. असं ठरलं की पोपटनं राग म्हणून फणस काढायचा आणि मागणी म्हणूनही फणसच मागायचा. बाबांनी तो द्यायचा. बाबांनी काय मागायचं? तर पोपटनं गणपतीला घरी यावं. तिथे दोघांनी रडायचं.

"म्हण बघू," बाबा म्हणाले.

पोपटवकील उभे राहिले. "गुरुजी, ह्यानं माझा फणस..." आणि त्यांना हसू आलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा हसू. कोर्टात उभ्या उभ्या साक्षीदाराचं लग्न झालेलं नाही असं सिद्ध करणारा हा माणूस, पण फणसासाठी राग काही त्याच्या चेहऱ्यावर येईना.

"भाईसाब, तुमच्यानं नाय होत," हसनभाई चाळणीआडून म्हणाले. "माझा भाऊ सईद दुबईला गेला तेव्हा माझ्या वाटणीची शिलाई मशीन घेऊन गेला. ते आठवलं तरी माझं डोकं फिरतंय. असं कायतरी आठवा."

"ऐक त्याचं," बाबावकील म्हणाले. "आतून येऊ दे, पोपट. मनापासून बोल."

पेण तालुक्यात सल्ला द्यायचे त्याचे ते पैसे घेत. हा त्यांनी फुकट दिला, आणि आयुष्यातला सगळ्यात महाग पडला.

रविवारी बाबावकील, गिरजाबाई आणि मालू अॅम्बॅसडरनं गेले. अजून समेट झालेला नव्हता, म्हणून पोपटवकील आणि हौसा एसटीनं गेले. गुरुजींची ओटी भरलेली होती. शेजारचे, शाळेतले, धाटावहून रात्रपाळी करून परस्पर आलेले मोरूचे दोघेचौघे मित्र. एका पाटावर पितळेचं मोठं ताट उपडं घालून ठेवलेलं. गुरुजींनी दोन्ही भावांना त्याच्या दोन बाजूंना बसवलं आणि स्वतः मधे बसले. लहानखुरा माणूस, स्वच्छ धोतर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू भांडण ही खाण्याची वस्तू आहे.

"धाकट्यानं आधी बोलावं," गुरुजी म्हणाले. "थोरल्याला ऐकायची सवय नसते. ती आधी लावावी."

पोपटवकिलांनी घसा साफ केला. "गुरुजी, आमच्या बांधावर एक फणस आहे..." ते थांबले. मालूला वाटलं, आता हसणार. ते हसले नाहीत. उपड्या ताटाकडे बघत राहिले.

"फणस जाऊ दे," ते म्हणाले. "फणसाचं काही नाही. गुरुजी, मी दर वेळी पडतो."

"वा," बाबावकील पुटपुटले. भाऊ एकदाचा भूमिकेत शिरला असं त्यांना वाटलं.

"दर वेळी मी पडायचं. दर वेळी ह्याची मिरवणूक. ती जाते कुठून? माझ्या दारावरून. नदीकडे काय आहे मिरवणुकीला? म्हशी आहेत. तरी तिकडूनच. माझ्या उंबऱ्यात फटाके. हौसा खिडक्या लावून घेते आणि मी आत बसून पेपर वाचतो. गुरुजी, पडायला ताकद लागते. आणि पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात भाजी आणायला जायला तर फारच. 'काय वकीलसाहेब, थोडक्यात गेलं,' असं प्रत्येक भाजीवाली म्हणते. माझं आयुष्य थोडक्यात गेलं, गुरुजी."

बाबावकील अजून मान डोलावत होते, पण आता सावकाश. शेजारी बसलेल्या मालूकडे झुकून त्यांनी विचारलं, "हे कधी ठरलं?"

"नाही ठरलं, बाबा."

"मला वाटलं होतं एकदा तरी म्हणेल," पोपटवकिलांचा आवाज गिरणीच्या पट्टीत गेला. "की पोपट, ह्या खेपेला तू. एकदा! लोकल बोर्डाला नाही तर नाही, झेडपीला तरी! थोरला म्हणून जिंकायचं पण त्यानं, आणि जिंकल्यावर माझ्या ताटात बसून मलाच सांगायचं की पोपट, भाषण छान झालं तुझं!"

"कुठल्या ताटात?" एका शेजाऱ्यानं विचारलं.

"लहानपणीच्या," मालू घाईनं म्हणाली.

बाबावकिलांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं. कोर्टात हे घडलं की शिपाई दार लावून घेत. "आणि माझं?" ते म्हणाले. "मी जिंकतो म्हणजे काय होतं ते विचार ना! माझ्या दारात येणारा प्रत्येक माणूस हात जोडून येतो आणि शिव्या घालत जातो. मागल्या साली मला टायफॉइड झाला. बघायला आले ते सगळे अर्ज घेऊन आले. मी ग्लानीत सही केली एकावर. ह्याचा पाय मुरगळला तर गडबपासून बैलगाड्या लागल्या! पहिली काकडी ह्याच्या दारात. खाडीतली पहिली निवटी ह्याच्या दारात. कुळांच्या पोरांची नावं पोपट! अर्ध्या तालुक्यात पोपट आहेत, बाबाजी एक नाही! एका माणसानं बैलाचं ठेवलं होतं, तो बैलही मेला."

"वा, वा," गुरुजी म्हणाले. "येऊ दे."

"काकडीचं काय सांगता, भावोजी," हौसा उठली. "आमच्याकडं काकडी येते, तुमच्याकडं कलेक्टर येतो!"

"कलेक्टर चिरून कोशिंबीर करू काय गो?" गिरजाबाई म्हणाल्या.

ओटी हसली. गिरजाबाईंना हसू आलं नव्हतं. त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि फटाक्यांचं भाऊजी खरं बोलतायत. मी दर वेळी सांगत होते, त्या दारावरनं नका नेऊ मिरवणूक. तर म्हणे, तिकडनं नाय नेली तर लोकांना संशय यायचा."

"कसला संशय?" गुरुजींनी विचारलं.

"बाबा काकांना घाबरतात असा," मालू म्हणाली. ओटीच्या कोपऱ्यातून मोरू तिच्याकडे बघत होता. त्यानं एकदा तिचं उत्तर ऐकलं, एकदा तिच्या बापाकडे बघितलं, आणि भुवया वर केल्या. खरं बोलणाऱ्याला खोटं लगेच ऐकू येतं.

"मला भावोजींचंच पटतंय," हौसानं आणखी एक काडी टाकली. "आमचे हे पडले तरी रात्री घोरत झोपतात. भावोजी निवडून आले तरी झोपेच्या गोळ्या खातात. गिरजाबाय, तूच सांगितलंस ना मला?"

"तू मला सांगितलंस की सुपारी कातरताना बोललेलं सुपारीपाशीच राहील म्हणून!"

दोघी जावा आता एकमेकींच्या नवऱ्यांच्या बाजूच्या झाल्या होत्या आणि त्यामुळे एकमेकींच्या विरोधात. तात्यांनी भावांची सोय लावली होती. जावांचा विचार त्यांच्या काळी कुणी करत नसे.

"पोटातलं ओठावर आलं," गुरुजी तृप्त होऊन म्हणाले. "आता मागा. धाकट्यानं आधी. एकच मागायचं. थोरल्यानं द्यायचंच."

फणस, मालूनं मनात म्हटलं. काका, फणस.

"ह्या खेपेचं तिकीट," पोपटवकील म्हणाले. "सरकार पक्षाचं. ह्याचं. मला द्यावं. मला एकदा जिंकायचंय."

बाबावकिलांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कोर्टातला झाला. "ठीक. मग मीही मागतो. ह्याची माणसं मला दे. सगळी. काकडीसकट."

"काय थट्टा आहे? माणसं काय खिशात असतात?"

"तिकीट काय माझ्या खिशात आहे?"

"तुझ्याच खिशात आहे! जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे!"

दोघे उठले. ताटाच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि वीसपंचवीस वर्षं ज्या भांडणाचं ते लोकांपुढे नाटक करत आले होते ते भांडण खरं खरं त्यांच्या अंगात आलं. मालूनं त्यांना शेकडो वेळा भांडताना पाहिलं होतं. तेव्हा ते दिसायला फार छान असत. हातवारे, शेर, संस्कृत. आज बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि काकांची थुंकी उडत होती. खरं भांडण दिसायला अगदीच सुमार होतं.

गुरुजी उठले. आनंद चेहऱ्यावरून गेला होता, हट्ट राहिला होता. "मागितलेलं दिलं नाही तर जेवण नाही. जेवण नाही तर सोयरीक नाही. मी माझी रीत मुलासाठी बदलणार नाही." ते आत वळून म्हणाले, "सगुणा, ताट आत घे."

दारात उभ्या असलेल्या सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि ताटाला हात घातला. मोरू भिंतीपासून निघाला आणि कुठे जावं हे न कळून पुन्हा भिंतीला टेकला.

"थांबा," मालू म्हणाली.

ती गिरणीच्या आवाजात म्हणाली. सगुणाबाईंच्या हातातून ताट सुटलं आणि पाटावर सुलटं पडलं.

"गुरुजी, एक मिनिट. मी दोघांच्याही वतीनं उभी आहे."

"दोघांच्या? दोघे तर एकमेकांविरुद्ध आहेत."

"आमच्याकडे ती अडचण मानत नाहीत." ती ताटाजवळ आली. "बाबा, तुम्ही काकांची माणसं मागितलीत?"

"मागितली."

"काका, तुम्ही बाबांचं तिकीट मागितलंत?"

"मागितलं!"

"दोघांनी मागितलं. सगळ्यांनी ऐकलं. आता, द्यायला हरकत कोण घेतं?"

ती थांबली. तिला बापाचा स्वभाव ठाऊक होता आणि काकाचाही, कारण तो एकच होता. कामार्लीकर घराण्यात आजवर कुणी आधी हरकत घेतली नव्हती. समोरच्याला आधी घेऊ द्यायची, मग तिच्यावर उत्तर बांधायचं, ही तात्यांची पहिली शिकवण. बाबावकील पोपटकडे बघत राहिले, आता घेईल म्हणून. पोपटवकील दादाकडे बघत राहिले, आता घेईल म्हणून. दोघांची तोंडं उघडली होती. दोघांच्याही तोंडात शब्द तयार होता. पण भर ओटीवर, पोरीचं लग्न मोडणारा शब्द आपल्या नावावर लागावा, असं दोन्ही वकिलांपैकी कुणालाच वाटेना.

"कुणाचीच हरकत नाही," मालू म्हणाली. "बाबा हा पक्ष सोडून तिकडे जातील. काका इकडे येतील. दोन्ही मागण्या मान्य."

"अगं पण..." दोघे एकदम म्हणाले.

"मान्य!" गुरुजी ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ऐकलंत का रे! ह्यानं खुर्ची दिली, त्यानं माणसं दिली! असं दान मी जन्मात पाहिलं नाही!" ओटीनं टाळ्या वाजवल्या. धाटावचे मित्र सगळ्यात जोरात वाजवत होते. ते रात्रभर जागे होते आणि त्यांना भूक लागली होती.

सगुणाबाईंनी भात वाढला, बिरडं वाढलं, तांदळाची भाकरी ठेवली. दोघे भाऊ एका ताटाला बसले. बाबावकिलांनी पहिला घास घेतला आणि पोपटवकिलांनी बोटानं भातातून एक सरळ रेघ ओढली. ह्या बाजूचं ह्याचं, त्या बाजूचं त्याचं. बिरडं वाहून बांधापलीकडे जाऊ लागलं तेव्हा बाबावकिलांनी भाकरीचा तुकडा आडवा लावला. गुरुजींना ते दिसलं नाही. ते साखर वाटत होते.

मोरू साखरेची वाटी घेऊन मालूपाशी आला. "तुमच्याकडे नेहमी असंच असतं?"

"नाही," मालू म्हणाली. "आज पहिल्यांदाच खरं होतं."

तो विचारात पडला. "मग आधी काय होतं?"

"लग्नानंतर सांगते." तिनं चिमूटभर साखर तोंडात टाकली. "मागे फिरायची वाट राहिली नाही म्हणजे."

परतताना दोन्ही जावा एसटीनं गेल्या, कारण त्यांना एकमेकींना अजून बरंच सुनवायचं होतं. भावांना मात्र अॅम्बॅसडरमधून एकत्रच जावं लागलं. समेट झालेले भाऊ वेगवेगळे गेले असते तर गुरुजी मागून धावत आले असते. ड्रायव्हरशेजारी मालू, मागे दोघे, मधे माणूसभर मोकळी जागा.

रोह्याची वेस ओलांडेपर्यंत दोघे काचेतून हात हलवत होते. मग दोघांनी आपापल्या खिडकीकडे तोंड केलं.

"मालू," बाबावकील म्हणाले, "तुझ्या काकाला सांग, तिकीट मिळालं म्हणजे निवडून आला असं नाही. ते काम मी करत होतो."

"मालू, तुझ्या बाबाला सांग, माणसं मिळाली तरी मत देताना ती तोंड बघतात. हे तोंड घेऊन ये म्हणावं कुळांत."

"तुम्ही शेजारी बसलेले आहात," मालू म्हणाली.

तिनं मागे वळून पाहिलं. हे नाटक नव्हतं. ज्यांचं न बोलणं सबंध तालुका पंचवीस वर्षं खरं मानत आला, ते आज पहिल्यांदा एकमेकांशी बोलत नव्हते.

नागोठण्याला चहाच्या टपरीवर माणसं उभी दिसली. बातमी गाडीच्या पुढे गेली होती. "गाव आलं," मालू म्हणाली. मागे खुडबुड झाली. बाबांचा हात काकांच्या खांद्यावर, काकांचा बाबांच्या. टपरीवरल्या एका म्हाताऱ्यानं हे पाहिलं आणि टोपी काढून डोळे पुसले. टपरी मागे पडली, हात खाली आले.

"मालू, तुझ्या काकाला सांग, हाताला घाम फार येतो त्याच्या."

गडबला रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून कुणीतरी "बाबावकील, पोपटवकील, एक हो!" अशी घोषणाच दिली. ती कुठल्या पक्षाची हे घोषणा देणाऱ्यालाही ठरवता आलं नसावं. "गाव आलं," मालू म्हणाली. हात वर गेले. गडब गेलं. हात खाली आले. वडखळला नाक्यावर एकानं गाडी थांबवून एकच हार दोघांच्या गळ्यात मिळून घातला. तो काढायचा तर दोघांना माना एकत्र वाकवाव्या लागल्या. त्यांनी त्या वाकवल्या, आणि हार ड्रायव्हरच्या मागे टाकून दिला.

वडखळच्या पुढे वस्ती संपली. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, बुडख्यांमधून उगवलेले वाल, आणि दूर एक म्हैस. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मालूनं आरशात बघितलं. एक म्हातारा डावीकडे बघत होता, एक उजवीकडे. दोघांची नाकं एकसारखी होती. ते आपल्यामुळे भांडले, आणि आपल्यासाठी जेवले.

"गाव आलं," ती म्हणाली.

मागे खुडबुड झाली. दोघांनी न बघता एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले. ड्रायव्हरनं मालूकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि गाडीचा वेग कमी केला.